राजवाड्याबाहेर मिळणारा ‘संस्थानी’ गंजिफा: पैसे देण्याआधी हे बघा

फाल्गुनात पांगारा फुलतो, शिमग्याला चाकरमानी येतात, आणि सावंतवाडीत पर्यटकांची वर्दळ वाढते. राजवाडा बघायचा, आत कारागीर गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, रंगवतात ते बघायचं, मग चितारआळीत लाकडी फळं घ्यायची, हा बहुतेकांचा क्रम. फसवणूक होते ती या दोन्हींच्या मधल्या वाटेवर.

कुणीतरी हळूच गाठतो. “संस्थानच्या काळातली पानं आहेत, घरची अडचण म्हणून काढतोय.” फडक्यात गुंडाळलेला डबा, कडा काळवंडलेली गोल पानं. तुम्ही आत नुकतंच अस्सल काम बघितलेलं असतं. हाताने रंगवलेल्या संचाला हजारो रुपये पडतात हेही ऐकलेलं असतं, त्यामुळे ‘पुरातन’ संच निम्म्यात मिळतोय असं वाटतं. घरी नीट बघितल्यावर कळतं की छापील पुठ्ठ्यावर चहाचं पाणी फिरवलंय.

पहिलं काम, पानं मोजा. दशावतारी गंजिफात विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पानं: राजा, प्रधान आणि एक ते दहा. एकूण 120. मुघल गंजिफात आठ रंग, म्हणून 96. जुन्या संचातलं एखादं पान हरवलेलं असू शकतं, पण एकच पान दोनदा आलं तर तिथेच थांबा. एकच छापील तक्ता दोनदा कापला की असं होतं.

मग मत्स्याच्या रंगाचा दश्शा काढा आणि दहाही मासे एकेक करून बघा. कुंचल्याने काढलेल्या माशांत कुणाचा डोळा किंचित वर, कुणाचं शेपूट आखूड असतं. दहाही मासे तंतोतंत सारखे असतील तर ते हातचे नाहीत. मात्र अस्सल पानाचा फोटो काढून छापलं असेल तर मासे वेगवेगळेच दिसतील. म्हणून मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन झूम करा. छपाईत रंग बारीक ठिपक्यांत फुटतो. पान उजेडात तिरपं धरलं की खऱ्या रंगाचा थर रेषेवर उठून दिसतो. छापील पान सपाट राहतं.

कड सगळ्यात जास्त बोलते. पारंपरिक पान कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, वर पांढरा लेप देऊन घोटलेलं असतं. वापराने ते बोटं लागतात तिथे झिजतं, सगळीकडे सारखं नाही. डाग सर्व पानांवर एकसारखा असेल तर जुनेपणा मुद्दाम आणलाय असं समजा.

छापील संच विकणं हा गुन्हा नाही. छापील म्हणून सांगून, त्या भावात विकला तर तो आठवण म्हणून चांगलाच. पण 1972च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो आणि ती परस्पर देशाबाहेर नेता येत नाही. “शंभर वर्षांचा” म्हणणाऱ्याकडे परवाना मागा. बहुतेक वेळा बोलणं तिथेच संपतं.

लाकडी फळांतही प्लास्टरची मिसळलेली असतात. हाताला जड आणि गार लागतात, तळाशी ओरखडा दिला की पांढरी पूड निघते. पांगाऱ्याचं लाकूड हलकं असतं, पण आता आंब्याचंही वापरतात, त्यामुळे नुसत्या वजनावर जाऊ नका.

दुकानातून घेताना पावतीवर “हाताने रंगवलेला, 120 पानं” असं लिहून घ्या. लिहायला दुकानदार कां-कूं करत असेल तर दुसरं दुकान बघा. दुकानात फसलात तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करा. रस्त्यावरच्या माणसाने फसवलं असेल तर सरळ पोलीस ठाणं गाठा. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लागतं. यूपीआयने पैसे दिले असतील तर व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट जोडा, आणि पानं धुऊन, सोलून बघू नका. डबा, फडकं, पानं, सगळं होतं तसंच घेऊन जा.