मेन्स्ट्रुअल कप : १४ महिने वापरल्यानंतर

मेन्स्ट्रुअल कप म्हणजे पाळीत पॅडऐवजी योनीत घालायचा छोटा, लवचीक पेला; त्यात रक्त साठतं, मग तो रिकामा करून, धुऊन परत वापरायचा. आधी हिशेब, कारण मी कप घेतला तो पर्यावरणासाठी नाही, वाण्याच्या बिलाला वैतागून. मला एका पाळीला साधारण १६ पॅड लागायचे. रात्रीचे मोठे धरून सरासरी ८ रुपयांना एक, म्हणजे महिन्याला १२८ रुपये. १४ महिन्यांचे झाले १,७९२. याच काळात कपांवर माझे १,१९७ रुपये गेले. ‘कपांवर’ हे अनेकवचन चुकून पडलेलं नाही. एका कपात भागलं असतं, पण मला तीन लागले.

पहिला २९९ रुपयांचा, ऑनलाइन, सवलत बघून घेतलेला. तो इतका कडक होता की आत उघडला की मूत्राशयावर दाब यायचा आणि तासातासाला लघवीला जावंसं वाटायचं. कप फक्त लहान-मोठा नसतो, मऊ-कडकही असतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. साइजच्या तक्त्यात वय आणि बाळंतपण विचारतात. गर्भाशयाचं मुख खाली आहे की वर, हे विचारतच नाहीत. खरं तर कपाची लांबी त्यावर ठरते. पाळीत स्वच्छ धुतलेलं बोट आत घालून बघायचं. पहिलं पेर जेमतेम आत जाताच नाकाच्या शेंड्यासारखं काही लागलं, तर आखूड कप घ्यावा. माझं तसंच निघालं. मग ४४९ चा मऊ, आखूड कप घेतला आणि गाडी रुळावर आली.

तरी पहिल्या तीन पाळ्या शिकण्यातच गेल्या. कप घडी करून आत घालतात; इंग्रजी ‘सी’सारखी घडी मला कधीच जमली नाही. कपाची कड एका बाजूने आत दाबून टोकदार कळी करायची, ती घडी जमली. आत गेल्यावर कप पूर्ण उघडला का, हे बोट फिरवून बघायचंच. मी आळस केला आणि दुसऱ्या पाळीत ऑफिसच्या खुर्चीवर व्हायचं ते झालं. काढताना नुसती कपाच्या तळाची दांडी ओढायची नाही. बूड चिमटीत धरून दाबायचं, कपाची आतली पकड सुटते, मग हळूहळू बाहेर. पहिल्यांदा तो निघेचना. घामाघूम झाले, आता दवाखाना गाठावा लागतो की काय वाटलं. शेवटी कमोड सोडून भारतीय संडासात उकिडवी बसले, जरा जोर केला आणि मिनिटभरात निघाला. आजही मी तसंच करते. कमोडवाल्या घरांत न्हाणीघरात उकिडवं बसलं तरी चालतं.

तिसऱ्या कपाची गोष्ट सांगायला लाज वाटते. पाळी संपल्यावर कप उकळत ठेवला आणि मुलाचा गृहपाठ घ्यायला बसले. पाणी आटलं, पातेलं लाल, कप एका बाजूने करपलेला. सासूबाई वास घेत आल्या, “काय गं जळतंय?” मी म्हटलं, “चारशे एकोणपन्नास रुपये.” मग तसाच तिसरा घेतला. तेव्हापासून तारेच्या रवीत अडकवून उकळते, म्हणजे तळाला चिकटत नाही, आणि गॅससमोरून हलत नाही. त्यासाठी एक जुनं स्टीलचं भांडं वेगळं ठेवलंय. ‘स्वयंपाकघरात हे?’ असं एकदा झालं, मग त्याचीही सवय झाली.

एरवी निगा फार नाही. रोज साधं बिनवासाचं साबण आणि पाणी. कडेखालची बारीक भोकं तुंबली की कप पाण्याने भरायचा, तळहाताने झाकून दाबायचा, भोकांतून चिळकांड्या उडतात. ठेवायला कापडी पिशवी. हवाबंद डबीत वास धरतो.

ऑफिसात एरवी रिकामा करावा लागत नाही. सकाळी आठला घातला की संध्याकाळी घरी. बहुतेक कप १२ तासांपर्यंत ठेवता येतात, पण माझ्या दुसऱ्या दिवशी सहा-सात तासांत भरतो, म्हणून त्या दिवशी कापडी लायनर असतोच. २०१९ साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये ४३ अभ्यासांचा आढावा आला होता. गळती पॅडइतकीच किंवा कमी, असं त्यात म्हटलं होतं. तांबी (गर्भनिरोधक कॉपर-टी) बसवलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारा; ओढताना तांबी सरकू शकते.

कचऱ्याचं मात्र मी हिशेबात धरलंच नव्हतं. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक ताईंनी लाल ठिपक्याची मोहीम चालवली: वापरलेलं पॅड कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला पुडी उघडून बघावी लागणार नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत प्रत्येक पॅडसोबत विल्हेवाटीची पिशवी देण्याविषयी कंपन्यांना सांगितलं होतं, पण आमच्या सोसायटीतल्या डब्यांत काळ्या पिशव्याच दिसायच्या. मीही त्यातलीच. १४ महिन्यांत २२४ पुड्या माझ्या घरातून खाली गेल्या असत्या आणि कुणीतरी त्या हाताने वेगळ्या केल्या असत्या. हे आठवलं की करपलेल्या कपाचं दुःख कमी होतं.

मग घ्यावा का? हात लावायची किळस वाटत असेल तर नको. कापडी पॅड आहेत, तेही पैसे वाचवतात. घेणार असाल तर ऐन पाळीत सुरुवात करू नका असं सांगतात, पण मला कोरड्या दिवशी जास्त दुखलं. शेवटच्या, कमी स्रावाच्या दिवशी करून बघा, आणि सुट्टी असेल तेव्हा.

तूर्त बचत ५९५ रुपये. चांगला ठेवला तर हा कप दहा वर्षंही चालतो म्हणतात. कपाटात अर्धं पॅडचं पाकीट अजून आहे. परवा बहीण आली होती, तिला दोन लागले.