ॲब्सोल्यूट बॅटमॅन, वंडर वुमन, सुपरमॅन : तिन्ही वाचले, पैसे एकाचेच पूर्ण वसूल

बॅटमॅनचा पैसा काढून घेतला तर उरतं काय? ऑफिसातल्या एका मित्राशी माझा हा जुना वाद आहे, त्याचं म्हणणं काहीच उरत नाही, बंगला गेला, बटलर गेला, गाड्या गेल्या, मग राहिला तो रात्री मास्क लावून फिरणारा एक सणकी माणूस. डीसी या अमेरिकी कॉमिक्स कंपनीने ऑक्टोबर २०२४ पासून कॉमिक्सची जी ॲब्सोल्यूट लाइन सुरू केलीये त्यात नेमकं हेच करून बघितलंय. हिरो तेच, पण ज्याच्या जिवावर ते हिरो झाले तेच गायब. बॅटमॅनकडे पैसा नाही, सुपरमॅनला त्याला वाढवणाऱ्या केंट जोडप्याच्या शेतावरचं बालपण नाही, वंडर वुमनला तिचं बेट आणि तिथल्या लढवय्या ॲमेझॉन बायका नाहीत. सुटे अंक बाहेरून मागवायचे तर एकेकाची छापील किंमतच ४.९९ डॉलर, वर पाठवण्याचा खर्च, परवडत नाही राव, म्हणून अंक एकत्र करून पुस्तकं निघेपर्यंत थांबलो आणि तिन्ही एकदम घेतली. एकाचा कोपरा दुमडून आला, ते असो.

आधी बॅटमॅन, कारण सगळा गाजावाजा त्याचाच. लेखक स्कॉट स्नायडर, चित्रं निक ड्रॅगोटाची. इथला ब्रूस वेन, म्हणजे मास्कमागचा बॅटमॅन, साध्या घरातला, बाप शाळामास्तर, शाळेच्या सहलीत प्राणिसंग्रहालयात झालेल्या गोळीबारात गेलेला, आई मात्र जिवंत आहे आणि हा बदल मला फार आवडला, कारण रात्री उशिरा घरी येणाऱ्या बॅटमॅनला आता कोणीतरी विचारणारं आहे. आणि ब्रूस आहे शहराचा इंजिनियर! मी स्वतः पालिकेच्या पाणीपुरवठ्यात, त्यामुळे इथे कॉलर टाइट झाली. शहर कुठून कसं बांधलंय हे माहीत असणं हीच त्याची श्रीमंती. आमच्याकडे चेंबरचं झाकण बदलायचं तर फाइल तीन टेबलं फिरते आणि हा पठ्ठ्या छातीवरचं वटवाघूळ उपसतो, दांड्याला लावतो, झाली कुऱ्हाड. पहिल्याच अंकात त्या कुऱ्हाडीने एका गुंडाचा हात जातो. ड्रॅगोटाने त्याला असा दांडगा काढलाय की दारातून आडवा होऊनच आत यावा. एरवी पेनग्विन, टू-फेस, रिडलर असे खलनायक होणारी मंडळी इथे त्याचे लहानपणीचे दोस्त आहेत, आणि ती सगळी टोळी एकत्र बसते ती पानं मारामारीपेक्षा सरस आहेत.

मग खटकतं काय, तर बडबड. आल्फ्रेड इथे बटलर नाही, ब्रिटिश गुप्तहेर आहे, लांबून ब्रूसवर नजर ठेवून असतो आणि सतत बोलतो. चित्रात दिसतंय तेच चौकटीत परत लिहिलेलं. आणि बारक्या बारक्या चौकटींची इतकी गर्दी की चाळिशी लागलेल्या माणसाने चष्मा कपाळावर सारून पान नाकाजवळ घ्यावं. खलनायक ब्लॅक मास्क आणि त्याचे प्राण्यांचे मुखवटे घातलेले पार्टी ॲनिमल्स सुरुवातीला अंगावर येतात, नंतर नंतर नुसते मार खायला उभे केल्यासारखे वाटतात. वाचायला धमाल आहेच, पण दुसऱ्यांदा उचललं नाही अजून.

वंडर वुमन तीनदा वाचलं. केली थॉम्पसनने लिहिलंय, चित्रं हेडन शर्मनची. देवांनी ॲमेझॉन बायकांना शिक्षा केली आणि तान्ही डायना, म्हणजे पुढची वंडर वुमन, नरकात आणून टाकली, सर्सी नावाच्या चेटकिणीच्या पदरात, जिला हे पोर अजिबात नको होतं. पोरीला तिच्या जमातीचं नावसुद्धा सांगायची बंदी. आणि ती चेटकीण हळूहळू आई होते, म्हणजे नरकातली यशोदाच म्हणा ना. हे कुठेही भाषण न ठोकता येतं. पुढे स्टीव्ह ट्रेव्हर नावाचा सैनिक चुकून नरकात येऊन पडतो, त्याला परत वर पाठवायची किंमत म्हणून डायना स्वतःचा एक हात देते, आणि त्याबद्दल पुढे कुढत बसत नाही, जादूचा हात लावते आणि कामाला लागते. ज्या मुलीला सगळ्यांनी टाकून दिलं ती सगळ्यात मायाळू निघते. शर्मनच्या पानांबद्दल काय बोलू, चौकटी सरळ नाहीतच, काही ठिकाणी पान भोवऱ्यासारखं फिरतं आणि तरी नजर कुठे अडखळत नाही. २०२५ मध्ये याला उत्कृष्ट नव्या मालिकेचं आयस्नर, म्हणजे कॉमिक्समधलं मोठं पारितोषिक, मिळालं, बरोबर मिळालं.

सुपरमॅन मधेच लटकलं. जेसन आरॉनची कल्पना जबरदस्त आहे, सुपरमॅनच्या क्रिप्टॉन ग्रहावर माणसांचे वर्ग पाडलेले, काल-एलचे (सुपरमॅनचं खरं नाव) आईबाप कष्टकरी, कितीही हुशार असले तरी वर चढू द्यायचं नाही, छातीवरचा एस म्हणजे त्या कामगारांची खूण. आपल्याकडच्या वाचकाला हे समजावून सांगायची गरजच नाही. राफा सँडोवालच्या चित्रात सुपरमॅनचा केप कापडाचा नाही, लाल धुळीचा आहे, ते फार देखणं दिसतं. पण गोष्ट ब्राझीलच्या खाणीतून क्रिप्टॉनवर, तिथून परत खाली अशी सारखी उड्या मारते, जरा रमलो की उठवतात. गोष्टीतली खलनायक लाझारस कंपनी, तिचे सैनिक तर एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

यातलंच मार्शियन मॅनहंटर मित्राकडून आणलंय, लोकांच्या मनातले विचार रंगीत धुरासारखे दिसतात त्यात, पण ते वाचून झालं की मग लिहितो.

घरात लहान मुलं असतील तर बॅटमॅन वरच्या फळीवर ठेवा, खरंच रक्तबंबाळ आहे. वंडर वुमनमध्येही राक्षस भयंकर आहेत, पण माझी नऊ वर्षांची लेक शेजारी बसून पानं उलटत होती, तिला त्यांचं काही नाही. तिचं सगळं लक्ष डायनाच्या घोड्याकडे. पेगॅसस आहे पण नुसता हाडांचा, पंखसुद्धा हाडांचे. बराच वेळ बघून म्हणाली, "बाबा, याला गवत घातलं तर ते खाली पडेल ना?"