श्रीलंकेत ड्रायव्हरसह गाडी : सेवा चांगली, हिशेब मात्र किलोमीटरचा नाही, तासांचा

नकाशावर श्रीलंका एवढीशी दिसते. उत्तर-दक्षिण साधारण ४३० किलोमीटर, रुंदी सव्वादोनशेच्या आसपास. म्हणूनच ‘पाच दिवसांत संपूर्ण बेट’ असले कार्यक्रम सर्रास विकले जातात आणि लोक ते घेतात. आतल्या रस्त्यांवर ताशी तीस-पस्तीस किलोमीटरची सरासरी पडली तरी दिवस बरा गेला म्हणायचा. एवढं धरून आठ दिवस आखले तर विमानतळापासून विमानतळापर्यंत एकच गाडी आणि एकच ड्रायव्हर ही तिथली सेवा पाचपैकी चार गुणांची आहे. पाच दिवसांत कोंबली तर दोनाचीही नाही.

चार माणसांच्या गाडीचा दर दिवसाला साधारण ५० ते ७० डॉलर सांगतात. त्यात पेट्रोल, ड्रायव्हरचा भत्ता (तिथे ‘बाटा’ म्हणतात), त्याची राहण्याची सोय, पार्किंग आणि टोल यांतलं काय धरलंय ते एकेक करून लिहून घ्या. ‘सगळं धरून’ या शब्दांवर जाऊ नका. खरा खटका किलोमीटरच्या मर्यादेत असतो. सहसा दिवसाला १०० किलोमीटर धरलेले असतात, म्हणजे आठ दिवसांचे ८००. कटुनायके (विमानतळ), सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया, एला, तिस्समहाराम, गॉल आणि परत विमानतळ हा फेराच साडेसातशेच्या पुढे जातो. त्यात डंबुल्ला, धबधबे, संध्याकाळचं जेवण धरलं की नऊशे होतात, आणि वरच्या शंभराचे पैसे शेवटच्या दिवशी मागितले जातात. हजार किलोमीटर आधीच ठरवून घेतलेले स्वस्त पडतात.

गाडी कोणत्या साली बनली ते विचारा. मार्च २०२० पासून जवळपास पाच वर्षं तिथे खाजगी गाड्यांची आयात बंद होती, त्यामुळे भाड्याने फिरणाऱ्या बऱ्याच गाड्या वयस्क आहेत. प्रियस, अ‍ॅक्सिओ, वॅगन आर अशी हायब्रिड मंडळी जास्त. प्रियसमध्ये चार माणसं आरामात बसतात, पण चार मोठ्या बॅगा डिकीत मावत नाहीत. चौथी कोणाच्या तरी मांडीवर येते. तिघांपर्यंत कार, चौघे सामानासह असतील तर व्हॅन. तिथे तिला ‘केडीएच’ म्हणतात, म्हणजे टोयोटाची हायएस. मागच्या सीटचे पट्टे खरंच निघतात का ते विमानतळावरच ओढून बघा. कव्हराखाली दडपलेले असतात.

ड्रायव्हर दोन प्रकारचे. एक नुसता गाडी चालवणारा, दुसरा पर्यटन प्राधिकरणाचा परवाना असलेला शोफर-गाइड. स्मारकात शिरून माहिती सांगणं हे दुसऱ्याचं काम. त्याच्याकडे ओळखपत्र असतं, ते बघायला मागण्यात गैर काही नाही. पहिल्याकडून इतिहासाची अपेक्षा ठेवू नका आणि त्यासाठी जास्त पैसेही मोजू नका.

दोघांनाही लागू असलेली गोष्ट म्हणजे कमिशन. सिगिरियाहून कँडीला येताना मातले लागतं आणि तिथल्या मसाल्यांच्या बागांत गाडी आपसूक वळते. प्रवेश फुकट असतो. दालचिनीची साल, वेलदोड्याचं झाड दाखवतात, मग हातावरच्या केसांवर कसलंसं मलम लावून केस पुसून काढून दाखवतात, खांदे चोळून देतात आणि शेवटी दुकानात नेऊन बसवतात. तिथली दालचिनी गावातल्या बाजारापेक्षा कितीतरी महाग असते. कँडीतली रत्नांची, बाटिकची, लाकडी मुखवट्यांची दुकानं याच माळेतली. पहिल्याच सकाळी हसतमुखाने ‘खरेदी नाही’ म्हणून टाका. चांगला ड्रायव्हर पुन्हा विषय काढत नाही. चहाचा कारखाना मात्र चुकवू नका, तिथली पानं सुकवायची आणि मळायची यंत्रं खरोखर बघण्यासारखी आहेत.

आता रस्ता. विमानतळ ते सिगिरिया दीडशे किलोमीटरला चार तास. सिगिरियाच्या कातळावरच्या किल्ल्याला साधारण १२०० पायऱ्या आहेत; वाटेतल्या सिंहाच्या पंजांपासून वरचा लोखंडी जिना उघड्या कातळाला चिकटलेला आहे आणि दहानंतर तो तापतो. कातळावर गांधीलमाश्यांची पोळी असल्याने ‘शांत राहा’ असे फलक आहेत, ते शोभेचे नाहीत. सार्क देशांच्या नागरिकांना तिकीट सवलतीत मिळतं, पण पासपोर्ट जवळ हवा. तो हॉटेलात राहिला तर पूर्ण डॉलर मोजा. डंबुल्ल्याच्या गुहांत अनवाणी जावं लागतं, दुपारी फरशी भाजते, पायात मोजे घाला. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं तिथे अपमान मानतात, लगेच हटकतात.

कँडी ते नुवारा एलिया ७७ किलोमीटर, पण अडीच-तीन तास. रंबोड्यानंतर वळणावर वळण आहे. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसावं. नुवारा एलियाहून एलाला गाडीने जाऊ नका, निदान तुम्ही तरी नका जाऊ. जवळच्या नानु ओया स्टेशनवर रेल्वेत बसा आणि ड्रायव्हरला सामान घेऊन एला स्टेशनवर बोलवा. या सेवेचा सगळ्यात चांगला उपयोग हाच. दरड कोसळून हा मार्ग अधूनमधून बंद पडतो, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करा. बंद असला तर गाडी आहेच.

एलाहून वेल्लवायाला उतरणारा रस्ता हीच ड्रायव्हरची परीक्षा. रावणा धबधब्यावरून तो हजार मीटरच्या पातळीवरून थेट सपाटीला येतो. हायब्रिड गाडी उतारावर बॅटरी भरत वेग आवरते; ती पूर्ण भरली की ब्रेकचा सगळा भार चकत्यांवर येतो, त्या तापतात आणि करपल्याचा वास सुटतो. जाणता ड्रायव्हर प्रियसच्या गिअरचा दांडा वेळीच ‘बी’वर टाकतो, मग इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि आवाज वाढतो. तो आवाज चांगला. वास आला तर सरळ थांबायला सांगा, दहा-पंधरा मिनिटं. आणि हा उतार अंधार पडायच्या आत संपवा.

पुढे तिस्समहारामला जायला तनमल्विलाचा रस्ता घ्या. बुत्तल-कतरगाम रस्त्यावर रानहत्ती गाड्या अडवून खाऊ मागतात, लोकांनीच लावलेली सवय. खिडकीतून केळं देणं म्हणजे सोंड आत घ्यायला सांगणं. तिस्समहारामजवळच्या याला अभयारण्यात तुमची गाडी चालत नाही, जीप वेगळी आणि तिकीटही वेगळं. सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तिथला मुख्य भाग सहसा बंद असतो. हत्तीच बघायचे असतील तर उडवलवे अभयारण्य बरं. ते वर्षभर उघडं असतं आणि जीपची गर्दी कमी. माझं मत विचाराल तर आठ दिवसांत ‘याला’ अभयारण्य गाळावंच.

दक्षिणेला द्रुतगती मार्ग आहे, ताशी १०० ची मर्यादा; गॉलहून कोलंबोच्या वेशीला तासाभरात. टोल ड्रायव्हरच्या खिशातून जाणार असेल तर तो ‘समुद्र बघत जाऊ’ म्हणून किनाऱ्याचा रस्ता सुचवेल. तेवढ्यासाठी दोन तास घालवू नका, टोल आपण भरा.

शाकाहाऱ्यांनी एक शब्द पाठ करावा : उंबलकड, म्हणजे सुकवलेल्या माशाचा चुरा. नारळाच्या चटणीत, कधीकधी डाळीतही असतो आणि विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. ड्रायव्हर ज्या बुफेला थांबवतो तिथे त्याचं जेवण फुकट असतं आणि तुमचं महाग. ‘सैवर कडे’ला थांबव म्हणा, तमिळ शाकाहारी खानावळ, शेवयांसारखे इडियाप्पम आणि सांबार पोटभर मिळतं.

हा फेरा डिसेंबर ते मार्चमध्ये जमतो. मेपासून दक्षिण किनाऱ्यावर पाऊस लागतो, तेव्हा पूर्वेचं त्रिंकोमाली बघा. पोयाला, म्हणजे दर पौर्णिमेला सुट्टी असते, दारू मिळत नाही आणि देवळांपाशी वाहतूक तुंबते. एप्रिलच्या मध्यावर नववर्षाला ड्रायव्हरच गावी जातात, त्या आठवड्यात बुकिंग करू नका.

आगाऊ रक्कम थोडीच द्या, बाकीची टप्प्याटप्प्याने. आणि विमानतळावर सामान चढवताना डॅशबोर्डवरच्या किलोमीटरच्या आकड्याचा फोटो ड्रायव्हरच्या देखतच काढून ठेवा.