चौदा दिवसांचा अल्सर किट: चव भिकार, काम चोख

दोन वर्षं पोटात आग पडायची, अन् आळ माह्या ठेच्यावर. शेवटी यवतमाळात दुर्बीण टाकली तर लहान आतड्याच्या सुरुवातीला जखम, म्हणजे अल्सर, अन् ती करणारे एच. पायलोरी जंतू निघाले.

किटमध्ये दिवसाची एक पट्टी. सकाळ-संध्याकाळ अ‍ॅमॉक्सिसिलिन १ ग्रॅम, क्लॅरिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम (दोन्ही जंतू मारायला) अन् आम्ल कमी करणारी गोळी. पट्टीवर सूर्य-चंद्र छापलेत, त्यामुळे कापूस वेचून थकलेला माणूसही चुकत नाही. पण चव! दुसऱ्याच दिवसापासून तोंडात गंजका खिळा ठेवल्यासारखं. ज्वारीची भाकर कडू, चहा कडू. पाचव्या दिवशी पोट सुटलं. बायको म्हणे, "अवो, बंद करा नं त्या गोळ्या!" डॉक्टर म्हणाले, अर्धवट सोडल्या तर जंतू औषधाला दाद देत नाहीत. मी रेटलं.

राग एकाच गोष्टीचा. तालुक्यातल्या दुकानदारानं आधी सातच पट्ट्या दिल्या, "आराम पडला की पुरे." भांडून उरलेल्या घेतल्या.

बॅरी मार्शल या डॉक्टरनं १९८४ मध्ये हेच जंतू पोट बिघडवतात हे दाखवायला ते स्वतः पिऊन पाहिले होते, त्या शोधासाठी २००५ मध्ये नोबेल मिळालं. मले तर गोळ्याच जड गेल्या.

महिन्यानं श्वासाची तपासणी झाली. जंतू नाहीत. ठेचा परत ताटात.