सहा महिने ‘व्रिऊन’ ऐकल्यावर: आधी पंखा बंद करा

माझा छोटा ब्लूटूथ स्पीकर वॉरंटी संपल्यावर वीसच दिवसांनी चार्ज व्हायचा बंद झाला. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले बॅटरी बदलून मिळत नाही, नवीनच घ्या. दोन चकरा मारल्या, भांडले, आणि नवीन घेतला नाही तो नाहीच. माळ्यावरून बाबांचा जुना ॲम्प्लिफायर नि दोन मोठे लाकडी स्पीकर काढले, पुसले, वायरी बदलल्या, एकशे ऐंशी रुपयांत काम झालं. आणि त्या रात्री कळलं की चार महिने मी ‘व्रिऊन’ हा अल्बम अर्धाच ऐकत होते!

जपानी संगीतकार रिऊइची साकामोतो आणि इलेक्ट्रॉनिक संगीत करणारा अल्व्हा नोतो, म्हणजे जर्मनीतल्या केम्नित्सचा कार्स्टन निकोलाय, या दोघांचा हा 2002 चा पहिला एकत्र अल्बम. पियानो साकामोतोचा, बाकी सगळं निकोलायचं. माझ्याकडे 2022 मध्ये पुन्हा काढलेल्या आवृत्तीची सीडी आहे, शिपिंग धरून एकोणीसशे पडले, तेव्हा फार लागलं होतं मनाला.

तर झालं असं की मोठ्या स्पीकरवर पहिलाच ट्रॅक लावला आणि हॉलमध्ये कुठेतरी थरथर सुरू झाली. स्पीकर फाटला असं वाटून कान लावून बघितलं, तर आवाज शोकेसच्या सरकत्या काचेचा. पियानोच्या खाली एक सपाट, जाड सूर चालू असतो, साइन वेव्हचा (म्हणजे एकाच कंपनसंख्येचा शुद्ध सूर), तो छोट्या स्पीकरवर मला कधी ऐकूच आला नव्हता. काचेच्या फटीत बसच्या तिकिटाची घडी खोचली, थरथर थांबली, सूर मात्र तसाच पायाला जाणवत राहिला. त्या दिवसापासून पियानो एकटा वाटत नाही, त्याच्याखाली जमीन आली.

आता निकोलायच्या इलेक्ट्रॉनिक टिकटिकीबद्दल. पहिल्या महिन्यात मी मैत्रिणीला मेसेज केला होता की ही टिकटिक काढून नुसता पियानो दिला असता तर किती छान झालं असतं. ते माझं मत मी मागे घेते. ‘ट्रिऊन वन’ हा ट्रॅक नीट ऐका. साकामोतो एक कॉर्ड (एकदम दाबलेले दोन-तीन सूर) वाजवतो नि थांबतो, खूप थांबतो, आणि त्या मधल्या जागेत या बारीक टिकल्या पडत राहतात. तबल्यावर तालात खाली येते तेव्हा डग्ग्याचा घुमारा जातो पण मात्रा मोजलेलीच असते ना, तसं काहीसं. टिकटिक नसती तर ती शांतता सैल पडली असती. यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा या त्याच्या जुन्या बँडपासून सिंथेसायझरवर हात बसलेला आणि ‘द लास्ट एम्परर’साठी ऑस्कर घेतलेला माणूस इथे इतकं कमी वाजवतो आणि बाकीची जागा दुसऱ्याला देतो, याचं मला आता जास्त कौतुक वाटतं.

पण पंखा! याबद्दल कुणीच कसं लिहीत नाही? कॉर्ड विरत जाते तो शेवटचा भाग इतका हळू आहे की सीलिंग फॅन तीनवर असला तरी तो गिळून टाकतो, आणि आवाज वाढवला तर पुढची कॉर्ड अंगावर येते. मे महिन्यात खिडक्या लावून, पंखा बंद करून, घामाने निथळत ऐकलाय मी हा अल्बम. आई दोनदा येऊन पंखा लावून गेली, “अगं भाजतेस का काय!” शेवटी पहाटे पाचची वेळ धरली. तेव्हा रस्ता शांत असतो, पंख्याशिवाय अर्धा तास निघतो. सगळे ट्रॅक एका बैठकीत होत नाहीत, अर्धे आज, अर्धे उद्या.

पैसे वसूल झाले का? झाले. छोट्या स्पीकरवर ऐकणार असाल तर मात्र घेऊ नका, खरंच सांगते. या जोडीच्या पाच रिलीजची पहिली इंग्रजी अक्षरं जोडली की व्हायरस (VIRUS) होतं, व्रिऊन, इनसेन, रेव्हेप, यूटीपी, सुमव्हस. मी 2005 चं इनसेन आत्ताच मागवलंय, त्यात पियानो बारीक चिरून घेतलाय असं दोन ट्रॅक ऐकून वाटलं. 28 मार्च 2023 ला साकामोतो गेले, त्यामुळे ही जोडी आता नवीन काही करणार नाही, आहे तेच पुरवून पुरवून ऐकायचं.

एसी असलेल्यांनी प्लीज सांगा, इनडोअर युनिटचा आवाज किती मधे येतो?