इस्तंबूलचा हमाम: मसाज राहू दे, अंघोळ घालून घ्या

टर्कीला जाऊन आलं की लोक दोनच गोष्टी विचारतात, हॉट एअर बलून केलं का आणि हमाम (तिकडचं सार्वजनिक न्हाणीघर) केला का. बलून वाऱ्यामुळे दोन्ही दिवस कॅन्सल झालं, तो विषय नको. हमाम मात्र दोनदा केला, एकदा फसून आणि एकदा नीट, आणि दुसऱ्या वेळी सोबत आई होती, वय ६७, मुक्काम पोस्ट सातारा, जी रिसॉर्टच्या पूलमध्ये पण पंजाबी ड्रेस घालून कडेला पाय सोडून बसते. म्हणून मुद्दाम लिहितेय.

आधी फसलेलं सांगते म्हणजे तुमचे पैसे वाचतील. कॅपाडोकियात गोरेमेला ज्या हॉटेलात उतरलो होतो (नाव घेत नाही) तिथे रिसेप्शनवर 'हमाम प्लस मसाज' असा कॉम्बो गळ्यात मारला. खाली तळघरात टाइल्स लावलेली एक खोली, मधे कोमट ओटा, एका मुलीने पाच मिनिटं हातमोजा फिरवल्यासारखं केलं, दोन तांबे पाणी ओतलं आणि लगेच दुसऱ्या खोलीत नेऊन बासरी लावून पाऊण तास तेल चोळलं. आता तेल चोळण्याचं आपल्याला कौतुक कशाला? आमच्या गल्लीत बाळ-बाळंतिणीला मालिश करायला यायच्या त्या मावशींनी हा मसाज बघितला असता तर म्हणाल्या असत्या, तेल वाया घालवू नका गं, भजी तळा त्यात. तर पहिला नियम, हॉटेलच्या तळघरातला हमाम हा हमाम नाही, तो स्पा आहे, आणि स्पा काय कोथरूडला पण मिळतो.

नीट केलेला हमाम म्हणजे इस्तंबूलचा जाआलोलू हमाम. स्पेलिंग बघून आम्ही दोन दिवस 'कागालोग्लू' म्हणत फिरत होतो, तिकडे कुणाला कळेना, मग समजलं टर्की भाषेत सी म्हणजे ज आणि टोपीवाला जी जवळजवळ गायबच असतो. आयासोफिया या जुन्या मशिदीच्या आणि त्या जमिनीखालच्या मेडुसाच्या डोक्यांवाल्या सिस्टर्नच्या, म्हणजे पाण्याच्या जुन्या टाकीच्या, अगदी जवळ, चालत पाच-सात मिनिटं.

नवऱ्याला इतिहासाचा किडा आहे, त्याने आदल्या रात्री सगळं वाचून काढलं आणि ब्रेकफास्टला ऐकवलं. हा हमाम १७४१ चा, सुलतान पहिला महमूद याने बांधलेला, आणि उत्पन्न कशासाठी तर आयासोफियात त्याने जी लायब्ररी काढली तिच्या खर्चासाठी. म्हणजे लोकांनी अंघोळी करायच्या आणि त्यावर पुस्तकं चालायची, मला तर ही आयडिया फारच आवडली. आणि गंमत अशी की हा महमूद गादीवर आला तोच १७३० च्या उठावामुळे, आणि त्या उठावाचा म्होरक्या पत्रोना हलील, त्याने एकेकाळी हमामात अंग चोळायचं काम केलं होतं म्हणतात. पुढे १७६८ साली शहरात नवीन मोठे हमाम बांधायला बंदीच आली, कारण पाणी आणि लाकूड बेसुमार लागायचं, त्यामुळे जाआलोलू हा त्या मोठ्या शाही हमामांतला शेवटचा धरतात. याच्याहून जुनेही आहेत बरं का, मिमार सिनान म्हणून त्यांचा जो महान आर्किटेक्ट होऊन गेला त्याने बांधलेला चेंबरलिताश १५८४ चा आहे, तो पण इथून लांब नाही. आम्ही हा निवडला कारण बायकांचा आणि पुरुषांचा भाग वेगळा आणि एकाच वेळी दोन्ही चालू, म्हणजे नवऱ्यासाठी बाहेर ताटकळत बसायला नको. काही ठिकाणी तशी सोय नसते, उदाहरणार्थ तोपहानेचा किलिच अली पाशा हमाम, तिथे एकच इमारत आणि बायकांची वेळ वेगळी, पुरुषांची वेगळी, तेव्हा बघून जा.

किमतीचं आत्ताच सांगते. नावाजलेले हमाम सगळेच महाग, दर युरोत लावलेले असतात आणि आपण रुपयात गुणाकार करायला गेलो की घाम आत जायच्या आधीच फुटतो. साध्या मोहल्ल्यातल्या हमामात बरंच स्वस्तात होतं पण तिथे इंग्लिश कमी, आणि आई बरोबर असल्यामुळे मी रिस्क नाही घेतली.

आता खरा प्रॉब्लेम. कपडे. आत कमरेला गुंडाळायला पेश्तमाल देतात, म्हणजे आपला चौकडीचा पंचा, तंतोतंत तोच, फक्त कडेला झालर. त्याच्या आत बायका फक्त चड्डीवर असतात आणि आत गेल्यावर तो पंचाही बाजूला जातो. आईला हे मी घरून सांगितलं नव्हतं, मुद्दामच. लाकडी खोलीत कपडे बदलायला गेलो तर ती म्हणे मी गाऊन आणलाय तो घालते. कसाबसा गाऊन काढायला लावला, मग मंगळसूत्रावर अडली, ते काढणार नाही म्हणजे नाही. मी म्हटलं अगं सोनं तापतं आत, चटका बसेल, तेव्हा हो-नाही करत काढलं आणि लॉकरमध्ये न ठेवता रुमालात बांधून त्या रुमालाची गाठ पेश्तमालच्या टोकाला मारली. लॉकरची किल्ली मनगटात घालायला देतात, तरीही.

आत तीन टप्पे असतात, बाहेरची गार खोली, मग कोमट, मग गरम. कोमट खोलीत थोडं थांबायचं असतं, आम्ही थांबलो नाही, घाई केली आणि एकदम गरम खोलीत शिरल्यावर श्वास जड झाला, तेव्हा तुम्ही थांबा. पण गरम म्हणजे भट्टी नाही हं, वाफेने कोंदलेलं पण नाही, ऊब जमिनीतून वर येते. खाली पोकळी असते आणि कुल्हान नावाच्या भट्टीतला धूर आणि गरम हवा पूर्वी त्या पोकळीतून फिरवून भिंतीतल्या नळ्यांतून वर काढायचे, रोमन लोकांपासूनची पद्धत. त्या पोकळीला नाव काय दिलंय, जेहेन्नेमलिक! जहन्नमच्या वरच्या मजल्यावर पाठ शेकत पडायचं. आणि वर घुमटात गोल गोल काचा, त्यातून उन्हाचे कवडसे खाली येतात, त्या काचांना म्हणतात फील गोझू, हत्तीचे डोळे. आपल्याकडे पेशव्यांचा पीलखाना होताच की, तोच हा फील. हमामखाना हा शब्द पण आपल्या बखरीत सापडतो, साबणाचं नाव तर आपण सगळ्यांनी घासलंय, फक्त जागा बघायची राहिली होती.

मधे संगमरवरी मोठा ओटा, गोबेक ताशी, म्हणजे बेंबीचा दगड. त्यावर पंधरा-वीस मिनिटं नुसतं पडून राहायचं. पहिली पाच मिनिटं आई पोटाशी हात आवळून छताकडे बघत होती, नंतर हात सैल पडले, नंतर घोरायला लागली. खरंच घोरली. शेजारच्या दोन परदेशी मुली हसल्या, मी पण हसले.

मग नातिर आली. बायकांना अंघोळ घालणारी ती नातिर, पुरुषांकडचा तो तेल्लाक. आमची पन्नाशीची होती, दंड असे की जात्यावर पायलीभर दळण एका बैठकीत काढेल. तिने आईच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाली "अन्ने, अन्ने". आई दचकून उठली आणि मला विचारते, "ही मला अण्णा का म्हणतेय गं?" अन्ने म्हणजे टर्की भाषेत आई. सांगितल्यावर तिचा चेहरा जो पालटला, त्यानंतर तिने त्या बाईचं काही म्हणजे काही ऐकायचं बाकी ठेवलं नाही, वळ म्हटलं की वळली, बस म्हटलं की बसली. घरी हे कुणाला जमलेलं नाही.

आता केसे. केसे म्हणजे खरखरीत हातमोजा, अंगठा नसलेला, मूळ अर्थ पिशवी, आणि आपला खिसा पण त्याच घराण्यातला शब्द. काउंटरवर एक खिसा रिकामा करतात आणि आत दुसरा खिसा हातात घालून तुम्हाला सोलतात. सोलतात हा शब्द बरोबर आहे. आधीच्या वीस मिनिटांत कातडी मऊ झालेली असते, त्यावर ती लांब लांब हात मारते, मानेपासून मनगटापर्यंत, आणि मळाचे करडे गव्हले निघायला लागतात, हो गव्हलेच, लग्नात बायका बसून वळतात तसे, तेवढेच बारीक. मी रोज दोनदा अंघोळ करणारी बाई, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नातिर मात्र खूश, दंडावरचे गव्हले बोटाने उचलून मला दाखवतेय, बघ बघ किती निघालं, एखादी कामवाली पंख्यावरची धूळ दाखवते तसं. आईचा निकाल, "तुझी लूफा का फिफा ती टाकून दे."

मग कोपुक, म्हणजे फेस. उशीच्या अभ्र्यासारखी पातळ कापडी पिशवी साबणाच्या पाण्यात बुडवायची, हवा भरून फुगवायची आणि पिळत पिळत अंगावर फेस सोडायचा, एकावर एक, माणूस दिसेनासा होतो, नुसता ढग. हा प्रकार शब्दांत सांगून कळणार नाही, वजनच नसतं त्याला. त्या फेसातूनच ती पाठ, पोटऱ्या, तळवे दाबून काढते, आणि हा खरा मसाज, दहाच मिनिटांचा पण हाडापर्यंत जाणारा. शेवटी कुर्नाजवळ बसवून डोकं धुतात. कुर्ना म्हणजे भिंतीला संगमरवरी दगडी कुंडी, वर नळ वाहतोय, त्यातून तसराळ्यासारख्या भांड्याने पाणी घेऊन अंगावर ओतायचं. टबात बसणं हा प्रकारच नाही त्यांच्यात, वाहतं पाणीच शुद्ध मानतात, त्या कुंडीला खाली भोक पण नसतं. मी फेसाने भरलेलं भांडं तसंच कुंडीत बुडवायला गेले तर नातिरने माझा हात धरला, योक योक, नाही नाही. आई लगेच, "बरोबर आहे तिचं, घंगाळात उष्टा तांब्या बुडवतं का कुणी?"

आणि इथे मला ते दिसलं ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. नातिर आईला पायाशी बसवून, डोळ्यात साबण जाऊ नये म्हणून कपाळावर आडवा तळहात धरून तिच्या डोक्यावर पाणी ओतत होती, आणि आई डोळे मिटून मान खाली घालून बसली होती, अगदी लहान मुलीसारखी. बाहेर आल्यावर चहा पिताना म्हणाली, मला अशी अंघोळ शेवटची घातली ती तुझ्या बाळंतपणात, म्हणजे तुझा जन्म झाला तेव्हा, त्या न्हाऊ घालणाऱ्या बाईंनी. माझा जन्म ८१ चा. म्हणजे त्रेचाळीस वर्षं या बाईने सगळ्यांना न्हाऊ घातलं, मला, भावाला, नातवंडांना, शेवटी शेवटी आजीला पण, आणि तिच्या डोक्यावर कुणी एक तांब्या ओतला नाही. मी विषय बदलला, लोकुम (तिकडची मिठाई) खाऊन बघ म्हटलं.

तर माझा सल्ला, पॅकेज घेताना केसे आणि कोपुक एवढंच घ्या. तेलाचा मसाज वेगळा लावून देतात, तो नका घेऊ, आपल्याला त्यात नवीन काही नाही आणि पैसे बरेच वाढतात.

बाकी फुटकळ. वॅक्सिंग किंवा शेव्हिंग केलं असेल तर दोन दिवस जाऊ द्या, नाहीतर केसेने आग आग होते. पोट भरून जाऊ नका. उन्हाने कातडी भाजली असेल तर अजिबात नको. बीपीवाल्यांनी डॉक्टरला विचारून जा, आईची गोळी चालू आहे, आम्ही विचारलं होतं आणि गरम खोलीत कमी वेळ बसवलं. कोरडी चड्डी जोडीला न्या. फरशी निसरडी, स्लिपर देतात त्या सोडू नका, पूर्वी नालीन म्हणून लाकडी खडावा असायच्या. टिप द्यावी लागते, तिला म्हणतातच बहशिश, बक्षीसच आपलं, ती नातिरच्या हातात द्या. आणि बाहेर पडताना ते म्हणतात "सिह्हत्लर ओल्सुन", तब्येत चांगली राहो, आपण हसून मान हलवायची.

नवऱ्याचा अनुभव वेगळा. त्याच्या तेल्लाकने त्याला कणकेसारखा तिंबला, हात पाठीमागे नेऊन कडाकड आवाज काढले आणि वर थंड पाणी ओतलं. बाहेर आला तेव्हा चुलीत भाजलेल्या वांग्यासारखा लाल-काळा दिसत होता आणि अर्धा तास एक शब्द बोलला नाही. इतिहास तर नाहीच नाही.

आईने ग्रँड बाजारात घासाघीस करून तीन केसे घेतले, एक मावशीला, एक शेजारच्या काकूंना, एक घरात. घरातला बाथरूममध्ये वज्रीच्या शेजारी खिळ्याला टांगलाय. नरक चतुर्दशीला पहाटे उटण्याबरोबर तो निघाला, मुलं ओरडत पळाली, नवऱ्याने आतून कडी लावून घेतली, मग मी आईला म्हटलं, तू बस पाटावर.