थंडीत विकलेली दम्याची घोडी

थंडीच्या दिवसांत घोडा घेणार असाल तर हे आधी वाचा. कुरणावर चरताना उठणारा दमा या काळात दबलेला असतो आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. मला घोडी विकणाऱ्याला तर होतंच.

घोडी पाहिली तेव्हा श्वास संथ होता. विसाव्यात निरोगी घोडा मिनिटाला 8 ते 16 वेळा श्वास घेतो, ती त्यात चोख बसत होती. बरगड्यांच्या मागे, पोटाच्या कडेने एक तिरकी रेघ मात्र दिसत होती. मालक म्हणाला, "कसलेलं अंग आहे." ती रेघ कसरतीची नव्हती. हवा बाहेर ढकलायला पोटाचे स्नायू महिनोन्महिने राबले की ते जाड होतात आणि अशी रेघ उमटते. धाप ओसरली तरी ती लगेच जात नाही.

दौडवल्यावर सुरुवातीलाच काही ठसके आले. "गार हवा लागली," हे उत्तर तयारच होतं, आणि गंमत म्हणजे ते अर्धं खरं होतं. ठसका गारव्यानेच लागला, पण श्वासनलिका आधीच हुळहुळ्या झाल्या होत्या म्हणून. धाप नसलेल्या महिन्यांतही पुष्कळ आजारी घोड्यांत ही संवेदनशीलता मागे उरते. धूळ, गारवा, दौड, ज्याची निरोगी घोडा दखलही घेत नाही, त्याने यांच्या नळ्या आवळतात.

पुढे हवा उष्ण आणि दमट झाली, गवत वाढलं आणि घोडी धापू लागली. नाकपुड्या फुगलेल्या, मान पुढे ताणलेली, प्रत्येक उच्छ्वासाला पोट जोर लावतंय, आणि ताप अजिबात नाही. घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही, त्यामुळे ते हाल बघवत नाहीत. जुन्या मालकाला फोन केला तर म्हणाला, "कोंडून ठेवता, मग असंच होणार. दिवसरात्र कुरणात सोडा."

वाळल्या गवताच्या धुळीने होणाऱ्या दम्यावर हा सल्ला योग्य आहे. कुरणावरच्या दम्यात तोच घातक, कारण परागकण आणि बुरशीचे बीजकण तिथेच असतात. त्याला हा फरक कळत नव्हता असंही नाही. त्याच्याकडच्या जुन्या मोतद्दाराने मला सांगितलं, की दर उन्हाळ्यात हीच घोडी आत बांधायचे आणि तिला स्टेरॉइडची इंजेक्शनं चालू असायची. पैसे परत मागितले तेव्हा म्हणे, "तुमच्याकडची हवा तिला मानवली नाही."

तपासणीला डॉक्टर आपला न्या, विकणाऱ्याने सुचवलेला नको. रक्ताचा नमुना काढून जपून ठेवायला सांगा. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड किंवा क्लेनब्युटेरॉल हे श्वासनळ्या सैल करणारं औषध देऊन धाप काही काळ झाकता येते, आणि ते पुढे सिद्ध करायला नमुनाच लागतो. नाकावर पिशवी धरून घोड्याला खोल श्वास घ्यायला लावतात, ती तपासणी साधी आहे: पिशवी काढल्यावर निरोगी घोडा चटकन सावरतो, खोकत नाही. शंका उरली तर फुप्फुस धुऊन काढलेल्या द्रवातल्या पेशी मोजाव्यात. त्यात न्यूट्रोफिल, म्हणजे दाह झाला की वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, साधारण 5 टक्क्यांच्या आत असायला हवेत. तीव्र दम्यात ते 25 टक्क्यांच्या वर जातात. मात्र आजार दबलेला असताना हा आकडाही खाली आलेला असू शकतो. हिस्टामिन या नळ्या आवळणाऱ्या रसायनाचा सौम्य फवारा हुंगवून त्या किती आवळतात ते मोजण्याची सोय मोठ्या पशुरुग्णालयांत असते. हुळहुळेपणा थेट मोजणारी तपासणी तीच.

आणि जुन्या उपचारांच्या नोंदी मागताना उन्हाळ्या-पावसाळ्याच्या मागा. मला दाखवलेल्या सगळ्या थंडीतल्या होत्या. गेल्या दोन उन्हाळ्यांत श्वासाचं कुठलंही औषध दिलेलं नाही, एवढं विक्रीच्या कागदावर लिहून घ्या, आणि पैसे त्या सहीनंतरच द्या.